काला सोर्दा, विनंती थांबा

गुरुवारी सकाळी बातिस्तला अंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून फिना त्याला घेऊन ट्रॅमकडे निघाली. गुरुवार म्हणजे त्यांच्या फिरण्याचा वार. कधी आलिकान्त, कधी बेनिदोर्म, आज ला विला, सगळी ट्रॅमच्या वाटेवरची समुद्रकाठची गावं. काहीतरी चांगलंचुंगलं खायचं, समुद्राकडे बघत बसायचं आणि दिवेलागणीच्या आत कांपेलोला घरी परतायचं. आता यात वावगं काय आहे, सांगा बरं? पण लेकीच्या मते सगळंच वावगं होतं.

"बाबा कुठं हरवले म्हणजे?" एम्पार सकाळीच फोनवर म्हणाली होती. "सोमवारी वृद्धाश्रमातली माणसं येणारेत त्यांना बघायला. तू मध्ये मध्ये बोलू नकोस, आई."

"तो घरीच राहणार. मी आहे ना त्याच्याजवळ."

"पण तू कोण, हे बाबांना कुठं माहितीय?"

हे फिनाच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. वर्षभरात बातिस्तच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली आणि सगळ्यात शेवटी फिना गेली. अजूनही तो तिचा हात धरून चालायचा, दारातून आधी तिला जाऊ द्यायचा, पण बोलायचा परक्या बाईशी बोलावं तसं, अगदी अदबीनं. परवा जेवताना त्यानं विचारलं, "बाई, तुमचे यजमान काय करतात?" "मासेमारी करायचे," फिना म्हणाली, आणि मीठ आणायच्या निमित्तानं आत जाऊन ढसाढसा रडली. पंचेचाळीस वर्षांच्या संसाराची ही कमाई.

ट्रॅममध्ये तिकीट तपासणारा चिमो ओळखीचा होता. "काय काकू, आज कुठं स्वारी?"

"ला विलाला. याला भात खाऊ घालते."

"काकांचा थाट बघा! काय काका, या कोण तुमच्या?"

"या बाई फार सज्जन आहेत," बातिस्त म्हणाला.

चिमोनं जीभ चावली आणि तो पुढं सरकला.

कांपेलो मागं पडलं की रूळ कड्याच्या काठाकाठानं जातात. खाली निळं पाणी, वर बदामाची वाळकी झाडं. ऑगस्टमधल्या उन्हानं सगळं पांढुरकं झालेलं. गाडी अशी संथ डोलत चालते की जागेपणी स्वप्न पडावं. इथले मधले थांबे विनंतीचे. उतरायचं असेल तर बटण दाबायचं, चढायचं असेल तर फलाटावरून हात करायचा, नाहीतर गाडी थांबत नाही. काला सोर्दाला कोण चढणार आणि कोण उतरणार? कोळ्यांची चार घरं होती, ती केव्हाच ओस पडली. कांपेलोची जुनी माणसं तर तो थांबा आला की दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसतात. का, ते विचारलं की विषय बदलतात.

त्या दिवशी काला सोर्दाला गाडीचा वेग कमी झाला.

"बटण कुणी दाबलं?" फिनानं विचारलं.

"कुणीच नाही," चिमो म्हणाला. "बाहेरून हात केला असेल कुणीतरी."

फलाट रिकामा होता. दार उघडलं. उन्हाची झळ आत आली, खारट वारा आला, आणि त्याच्यामागून पुष्कळ दिवस बंद असलेल्या खोलीचा वास आला. बाहेर झाडांवर किडे किरकिरत होते, ते एकदम गप्प झाले.

बातिस्त उठून उभा राहिला. "या ना... बसा," तो दाराकडे बघून म्हणाला.

"अरे, कुणाला बोलावतोस? खाली बस!"

तेवढ्यात डब्यातला, काठ्या घेतलेला डोंगरचढ्यांचा घोळका फोटो काढायला या बाजूला आला. धक्काबुक्कीत तिच्या हातातून त्याचा हात सुटला. जाड पाठी, पिशव्या, हसणं, आणि बातिस्त कुठंच नाही. दार बंद झालं, गाडी हलली. "बातिस्त! अरे बातिस्त!"

घोळक्यातून वाट काढत तो आला आणि तिच्या शेजारी बसला.

"फिना, अगं, इतकी घाबरलीस होय?"

"काय... काय म्हणालास?"

"फिना म्हणालो. तुझं नाव नाही का ते?"

ती त्याच्या गळ्यातच पडली. चिमोनं चेहरा खिडकीकडे फिरवला आणि गुपचूप डोळे पुसले.

ला विलातला तो दिवस फिनाला सुखाच्या झोपेसारखा गेला. किनाऱ्यावरच्या रंगीत घरांमधलं आपल्या आत्याचं पिवळं घर बातिस्तनं लांबूनच दाखवलं. लग्नात फिनाच्या बुटाची टाच मोडली होती, ते सांगून तो खोखो हसला. भात जरा कच्चा आहे म्हणून वाढणाऱ्याला पूर्वीसारखं चिडवलं. फिनानं लेकीला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"एम्पारिता, सोमवारी त्या माणसांना कॉफी पाज आणि आल्या वाटेनं घालवून दे," तिचं लाडाचं नाव घेत तो म्हणाला. पलीकडून लेकीचे हुंदके ऐकू येत होते.

इतकं सगळं मिळाल्यावर माणूस बारीकसारीक गोष्टी कशाला बघेल? एरवी चार पावलांत घामाघूम होणाऱ्या बातिस्तचा शर्ट दुपारी दोनलाही कोरडा होता. ताट भरलेलं तसंच होतं. त्याच्या गालाचा मुका घेताना तिला तो मघाचा बंद खोलीचा वास आला. वय झालं की माणसाला येतोच वास, असं तिनं मनाला समजावलं.

परतीच्या गाडीत फारसं कुणी नव्हतं. ऊन तिरपं झालं होतं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती पेंगत होती. काला सोर्दा जवळ आलं तसे तिनं डोळे उघडले.

फलाटावर बातिस्त उभा होता.

सकाळी तिनं चढवलेला इस्त्रीचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. उन्हानं चेहरा लालबुंद झाला होता. जत्रेत चुकलेल्या पोरासारखा तो गाडीची एकेक खिडकी बघत होता. हात मात्र दोन्ही खालीच. गाडी थांबवायला हात करावा लागतो, हेच तो विसरला होता.

मग त्याला ती दिसली. त्याचे ओठ हलले. काचेतून आवाज आला नाही, पण फिनाला कळलं. तो 'बाई' म्हणाला नव्हता. तो 'फिना' म्हणाला होता.

ती उठली, तिचं बोट बटणावर गेलं. शेजारच्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. अगदी मायेनं.

"परवा रात्री गच्चीत एकटीच बसली होतीस," तो म्हणाला. "अगदी हळू म्हणालीस... मला फिना म्हणणारा कुणीही चालेल."

"कोण... कोण आहेस तू?"

"कुणीही म्हणाली होतीस ना."

त्यानं हात घट्ट धरला नव्हता. सोडवून घ्यायचा तर सहज सुटला असता, बटण दाबायला जोर लागत नाही. फिनाला सोमवार आठवला, लेकीचे हुंदके आठवले, जेवायच्या टेबलावरचं ते 'बाई' आठवलं. किती वेळ गेला असेल? एक श्वास. फलाट मागं सरकला. बातिस्त दोन पावलं गाडीबरोबर चालला, मग थांबला, आणि वळणाआड गेला.

आपण काय केलं, हे फिनाला कळलं होतं.

"फिना," शेजारचा प्रेमानं म्हणाला. तिनं कानांवर हात ठेवले. "फिना... फिना... फिना..."

कांपेलो आलं, माणसं उतरली, तरी तो थांबला नव्हता.