हिरानोच्या बेसमेंटमधला आवाज

दिगंबर घरातून निघाला तेव्हा सुवर्णा आमटीला फोडणी देत होती. तिला म्हणाला, "हिरानोच्या घरी चक्कर मारून येतो. फर्नेस चालू आहे का बघतो, पेटीतली मेल आत ठेवतो. तू पानं घे."

दोन हजार चोवीसची दोन जानेवारी, मंगळवार. संध्याकाळचे सात वाजले असतील. पण इथे अमेरिकेत, आपल्या नोव्हायमध्ये, हिवाळ्यात सात म्हणजे कसला काळोख असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

दिगंबर कोण म्हणतेस, रुचा? माझ्या कंपनीत होता. तू आणि ऋषी इकडे शिकायला येण्याआधी तो ही नोकरी सोडून गेला. त्याचं काम आवाजाचं. गाडी चालताना कुठे खडखड होते, कुठे गुणगुण येते, ती नेमकी कुठल्या भागातून, हे शोधून काढायचं. मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा आणि सांगायचा, डाव्या दाराची बिजागरी. मग उघडून बघितलं की तेच निघायचं. म्हणून तो जे ऐकलं म्हणाला, ते त्याने ऐकलं, असं मी मानतो. पुढचं तुम्ही ठरवा.

हिरानो त्याच्याच टीममधला. जपानी माणूस, दोन स्ट्रीट सोडून राहायचा. नवीन वर्षाला बायको-मुलीला घेऊन आईकडे गेला होता. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर नोटो म्हणून भाग आहे, तिथे अगदी समुद्राला लागून त्यांचं गाव. म्हातारी एकटी राहायची. हा दर वर्षी तिला म्हणायचा, नोव्हायला चल. ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. जाताना घराची चावी दिगंबरकडे देऊन गेला.

आणि एक तारखेला तिथे भूकंप झाला. तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. त्या लोकांना भूकंप नवा नाही. शाळेतली पोरंसुद्धा टेबलाखाली कसं शिरायचं ते शिकलेली असतात. पण खेड्यातली जुनी लाकडी घरं, वर जड कौलं... ती बसली. मागोमाग त्सुनामीचे भोंगे. दिगंबर तेव्हापासून फोन लावत होता. मेसेज जायचे, उत्तर यायचं नाही.

तर मंगळवारी त्याने दार उघडलं. घर नीट होतं, उबदार होतं. मेल टेबलावर ठेवली. घर गरम ठेवणारी फर्नेस खाली बेसमेंटमध्ये, म्हणून जिना उतरला.

खाली आवाज येत होता.

ठक ठक. मग थोडं थांबून, ठक.

त्याला वाटलं, पाइप. गरम झाला की पाइप वाजतो. पाइपला हात लावून पाहिला. नाही. फर्नेस बंद केली. आवाज चालूच. मग तो त्याच्या कामाच्या सवयीने गुडघ्यावर बसला, कान टेकवला. आवाज जमिनीखालून येत होता. सिमेंटच्या खालून. लाकडावर लाकूड आपटावं तसा.

ऋषी, इथल्या घरांच्या बेसमेंटखाली काय असतं? माती. घट्ट माती. बाकी काही नाही.

दिगंबरने बोटाच्या पेराने फरशीवर वाजवलं. ठक ठक... ठक.

खालचा आवाज थांबला.

मग सुरू झाला, तो घाईघाईने. ठकठकठक ठकठक. म्हणजे कोणाला तरी कळलं होतं, की वर कोणी आहे.

पळाला कसा नाही म्हणतेस, रुचा?

पळणारच होता. उठला, जिन्यापर्यंत गेला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. हिरानो.

तिकडे सकाळ होती. टेकडीवर चढला तेव्हा रेंज मिळाली, म्हणाला. बायको-मुलगी सुखरूप होत्या. आई घराखाली होती.

"पहिल्या दिवशी ती आतून वाजवत होती," हिरानो सांगत होता. "आम्ही चार माणसं तुळई उचलायला बघत होतो. हलत नव्हती. मग भोंगा वाजला, सगळे म्हणाले, वर पळा. मुलगी माझ्या कडेवर होती. मी पळालो, दिगंबर-सान."

दिगंबरने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"पाणी आलं आणि गेलं. परत आलो तेव्हा आवाज नव्हता. रस्ता खचलाय, मशीन येऊ शकत नाही. सैनिक आले होते, कान लावून ऐकलं आणि पुढच्या घराकडे गेले."

"कसं वाजवत होती?" दिगंबरने विचारलं.

"का?"

"सांगा."

"दोनदा. मग थांबून एकदा."

दिगंबर मला म्हणाला, मनोहर, मी त्याला सांगायला नको होतं. पण खाली आवाज चालूच होता रे. मी कसा गप्प बसू?

त्याने सांगितलं.

मग हिरानो म्हणाला, "फोन जमिनीला लावा."

लावला.

"मला काही ऐकू येत नाही," हिरानो म्हणाला. "तुम्हाला येतंय?"

"हो."

"अजून?"

"हो."

"मग उत्तर देत राहा. थांबू नका. मी खाली जातो, त्या लोकांना परत आणतो." आणि फोन कट झाला.

दिगंबर बसला. वाजवत राहिला. त्याने वाजवलं की खालून उत्तर यायचं. प्रत्येक वेळी जास्त जोरात. आणि मग त्याला कळलं, आपण काय करतोय. खाली जे कोणी आहे, त्याला वाटतंय मदत आली. आपण वाजवतोय म्हणून ते थांबत नाहीये. आणि मदत कुठेच नाही. वर एक माणूस आहे, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, सिमेंटवर बोटं आपटणारा.

थांबावं असं वाटलं. थांबला.

खालून... ठक ठक. ठक. जणू विचारलं, आहेस ना?

त्याने परत वाजवलं.

सुवर्णा शोधत आली तेव्हा आमटी केव्हाच गार झाली होती. तिला आवाज आला नाही. तिला फक्त नवरा दिसला, फरशीवर बसलेला. पेरांची सालं गेलेली. शेजारी बसली.

मग आवाज हळू झाला.

मग नुसतं घासल्यासारखं...

मग नाही.

दिगंबर वाजवत होता. खालून काही नाही.

आई पुढच्या आठवड्यात सापडली. हिरानोने फोन केला. डॉक्टरांनी तपासलं होतं. फुप्फुसांत पाणी होतं. ती पहिल्याच संध्याकाळी गेली होती, पाणी आलं तेव्हाच.

म्हणजे मंगळवारी तिथे वाजवणारं कोणी नव्हतं.

हिरानोने विचारलं नाही, की मग तुम्ही उत्तर कोणाला देत होता. एवढंच म्हणाला, "मी त्यांना परत आणलं होतं. त्यांनी पुन्हा कान लावला. नाही म्हणाले. मी एकटाच हातांनी उकरत होतो."

फेब्रुवारीत हिरानो सामान आवरायला आला. अमेरिका सोडायचं ठरवलं होतं. सगळं पॅक झालं, तेव्हा म्हणाला, ती जागा दाखवा. दिगंबर त्या दिवसानंतर तिथे गेला नव्हता. दोघं खाली उतरले. दिवा लावला.

फरशीवर वाळूचा ढीग होता. ओंजळभर. मुंगीच्या वारुळासारखा, मधोमध खड्डा. मोठ्या भूकंपात जमिनीतून अशी वाळू वर येते, हिरानो म्हणाला, गावात सगळीकडे आली होती. त्याने खाली बसून ती हाताने बाजूला केली. खाली सिमेंट होतं. गुळगुळीत, एकसंध. चीर नाही.

दिगंबरने चिमूटभर उचलून जिभेला लावली.

खारट होती. आणि ओली...