मेलेला सैनिक बोलला

भूपेंद्र मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो मेलेला होता.

पुरुषोत्तमनगरच्या हॉलवर मी मावसबहीण कामिनीला न्यायला गेले होते. घाईघाईने आत शिरले आणि जमिनीवर आडव्या पडलेल्या एका सैनिकाला अडखळले. त्याने एक डोळा उघडला.

"लागनं का तुले?"

"भूपेंद्र, मेलेली माणसं बोलत नाहीत," नाटक बसवणारे मगन सर म्हणाले.

नाटक जुन्या काळच्या लढाईचं. तापीच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. पलीकडचा सैनिक अलीकडच्या नावाड्याच्या मुलीसाठी पोहून यायचा आणि शेवटी बाण लागून मरायचा. पुढे कामिनीला कावीळ झाली आणि तिचं नावाड्याच्या मुलीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्रकाशा गावची, तापीकाठची... एवढीच माझी लायकी.

सरांचा नियम होता, हॉलवर शुद्ध मराठी. अहिराणी बोलेल तो हॉल झाडेल. ब्राह्मणपुरीचा भूपेंद्र रोज झाडायचा. मी उगाच मागे थांबायचे.

"तू कसाले थांबस?"

"कोपऱ्यात कचरा राहतो तुझा."

"मंग तूच झाड ना."

"मी का झाडू? मी मराठी बोलते."

"मन्हासंगे बी?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. पण घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगून टाकलं — रविवारी सुरतचा मुलगा बघायला येतोय. तो झाडतच राहिला.

"बरं शे," म्हणाला. बस, एवढंच.

मला तो आवडत होता. त्याने काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं, आणि हा धूळ गोळा करत बसला. मी तडक निघून आले.

प्रयोगाला हॉल गच्च भरला होता. त्याची आई, निर्मलाबाई, पहिल्याच रांगेत. सैनिक वेळेवर मेला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी विलाप सुरू केला, "हे वीरा, तुझ्या मौनाने ही तापी..." आणि खाली पाहिलं. तोच कालचा 'बरं शे' चेहरा. पुढचं वाक्य पार विसरले.

"असाच पडी ऱ्हाशी का?" माझ्या तोंडून गेलं. "ऐतवारले सुरतवाला येई ऱ्हायना. काहीतरी बोल ना रे."

मेलेल्या सैनिकाने एक डोळा उघडला.

"माले वाटनं... तुले सुरत आवडस."

"माले तू आवडस."

"मंग सुरतवालाले नही सांग," तो काखेतल्या बाणासकट उठून बसला. "मन्ही मायले सकाय धाडस तुन्हा घर."

"आधी मायले तं इचार," पहिल्या रांगेतून निर्मलाबाई म्हणाल्या.

लोक इतके हसले की सरांनी पडदा पाडला. इतक्या दिवसांची मेहनत, सगळी शोकांतिका पाण्यात गेली. मला खरंच वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

सर आत आले ते दोन झाडू घेऊनच. एक त्याला, एक मला.

"काय सांगितलं होतं मी पहिल्याच दिवशी?" त्यांनी भूपेंद्रला विचारलं. "मेलेली माणसं बोलत नाहीत."

"हां सर," तो म्हणाला. "पन तिनी इचारं ना."

मग आम्ही दोघांनी हॉल झाडला. कोपऱ्यांसकट, सावकाश.