होयबा

मी फाटकाला रंग देत होते आणि बाबांची ड्रायव्हिंग क्लासची गाडी मागे मागे येत थेट त्याच ओल्या फाटकावर आदळली. चालवणारा उतरला. घाईघाईत आधी फाटकालाच 'सॉरी' म्हणाला, मग मला. माझ्या गालावरचा हिरवा ठिपका पाहून त्याने रुमाल पुढे केला... आणि स्वतःच लाजला. मला हसू आवरेना.

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. पुढे क्लासला तो फारच नेमाने येऊ लागला, आणि मलाही रोज फाटकापाशी काही ना काही काम निघू लागलं.

"गाडी शिकायला येता, की फाटक बघायला?" मी एकदा विचारलं.

"गाडी येईल हो हळूहळू," तो म्हणाला. "फाटक मात्र... आवडलंय."

मी तर तिथेच विरघळले!

बाबांना कळलं तेव्हा त्यांनी लग्नाला साफ नकार दिला. मुलगा वाईट नाही, पण होयबा आहे, म्हणाले; त्यांनी डावीकडे म्हटलं की डावीकडे, खड्ड्यात म्हटलं की खड्ड्यात. "जगाला दात देतो, पण स्वतःच्या तोंडून शब्द फुटत नाही. उद्या कुणी तुला बोललं, तर हा नुसती मान डोलावेल." आईने समजावून पाहिलं, मी अबोला धरला, पण बाबा हटले नाहीत. त्यांना दुखवून मला लग्न करायचं नव्हतं, आणि त्याला सोडायचं तर मुळीच नव्हतं. मी अगदी रडकुंडीला आले.

एका सकाळी बाबा त्याला शिकवायला निघाले, तेव्हा मी हट्टाने मागच्या सीटवर जाऊन बसले, तोंड फुगवून. आरशातून त्याची नजर माझ्याकडे आली... आणि तिथेच थांबली.

"चल," बाबा म्हणाले.

गाडी हलली नाही.

"ऐकू येत नाही का? चल."

"नाही काका." त्याचे कान लाल झाले होते. "तिने बेल्ट लावलेला नाही."

"गल्लीतल्या गल्लीत काय होतंय? मी सांगतोय ना, काढ गाडी."

"तुम्ही सांगितलंत तरी नाही."

बाबांना असं तोंडावर आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, आईनेसुद्धा. ते मागे वळले.

"बेल्ट लाव गं," ते म्हणाले. "आणि आईला फोन कर. म्हणावं, आज जावई जेवायला आहेत."