फाटकातला 'आगो'

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. तो हरमटानच्या कोरड्या वाऱ्याचा महिना होता असं मी म्हणतो; माझी बायको आराबा म्हणते, छे, हवा दमट होती, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. आमचा कुत्रा तेव्हा जिवंत होता की नव्हता, यावरही आमचं एकमत नाही. मी जन्मभर विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवलं आणि मोजमाप केल्याशिवाय बोलू नका असं मुलांना बजावत आलो. या गोष्टीत माझ्याकडे एकही मोजमाप नाही. तेव्हा जसं आठवतं तसं सांगतो.

आमचं घर केप कोस्टला, खाजणाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. माझी थोरली बहीण एफुवा तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. मी तिला सिस्टर म्हणायचो. थोरल्या बहिणीला नुसत्या नावानं हाक मारणारा आमच्याकडे मार खातो. तिची आठवण विरत चालली होती. जेवण झालेलं विसरायची, माझ्या मुलीला आमची आई समजायची. तेवढं चाललं असतं. पण दिवेलागण झाली की ती उठून बाहेर चालू लागायची. एकदा खाजणात कमरेइतक्या पाण्यात उभी सापडली. कोळ्यांनी ओळखलं म्हणून घरी आणून सोडली. पुढच्या खेपेला कुणी ओळखेल याचा काय भरवसा?

का जातेस म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं.

"फाटकात कुणीतरी 'आगो' म्हणतंय. रोज म्हणतंय. आणि या घरात 'आमे' म्हणायला एक जिवंत माणूस नाही. आईनं हेच वळण लावलं का रे, क्वेसी?"

आमच्याकडे दार वाजवत नाहीत. बाहेर थांबून 'आगो' म्हणायचं, आतून 'आमे' आलं की मगच पाऊल आत टाकायचं. हे इतकं अंगात मुरलेलं असतं की झोपेतसुद्धा माणूस 'आमे' म्हणून जातो. सिस्टरला आमची नावं आठवत नव्हती, पण उत्तर न मिळता ताटकळणारा पाहुणा तिला सहन होत नव्हता. फाटकाशी जावं तर कुणी नसे. मग ती त्याला शोधत निघायची.

यावर तोड म्हणून माझी मुलगी मान्सा आक्राहून कॅमेरा घेऊन आली. ती इंजिनियर आहे. मोठ्या संत्र्याएवढा पांढरा गोळा, आत मान वळवणारी मोटर. अंधारात त्याला दिसतं, हलणाऱ्या माणसामागे तो आपोआप फिरतो आणि फोनच्या पडद्यावर त्या माणसाभोवती हिरवी चौकट काढून दाखवतो. फोनवरचं बटण दाबून बोललं की आपला आवाज त्याच्या तोंडून अंगणात उमटतो. मान्सानं तो पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर अशा बेतानं बसवला की फाटक आणि घराचं दार दोन्ही त्याच्या टप्प्यात यावीत.

"आंटी फाटकाकडे निघाली की इथूनच हाक मारा, डॅडी," ती जाताना म्हणाली. "पण आधी खऱ्या अंधारात तपासून घ्या. उजेडात सगळेच कॅमेरे शहाणे असतात."

दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी आमच्या भागातली वीज गेली. मासे आणि केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, यांची ताटंही अजून उचलली नव्हती. एरवी मी वीज मंडळाचा उद्धार केला असता. त्या दिवशी मला बरंच वाटलं. असा अस्सल अंधार मागून मिळत नाही. कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी होती आणि फोनशी तो थेट जोडलेला होता. सिस्टर आतल्या खोलीत कंदिलापाशी बसली होती. मी दिवाणखान्यात टेबलाशी फोन घेऊन बसलो आणि आराबाला अंगणात फिरायला पाठवलं.

पडद्यावर सगळं राखाडी. कुंपण, फाटक, कडुनिंबाचं खोड. पतंग पांढऱ्या ठिणग्यांसारखे उडत होते. आराबा चालू लागली तशी चौकट तिच्याभोवती आली आणि कॅमेरा आज्ञाधारकपणे तिच्यामागे वळू लागला.

"दिसते का मी, प्रोफ?" तिचा आवाज खिडकीच्या झडपांतून आत आला.

मी बटण दाबून म्हणालो, "दिसतेस. डोळे मांजरीसारखे चमकतायत."

"बघा, नीट बघून घ्या. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं निरखून बघताय."

"जरा कुंपणाकडे जा. तिथं थांब. हलू नकोस."

ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली. चौकट पुसली गेली. हलणाऱ्यालाच तो पाहतो, थांबलेल्याला सोडतो का, एवढंच मला तपासायचं होतं. बोट बटणावरच होतं.

मग कॅमेऱ्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. सावकाश, कुणी हाक मारल्यावर आपण मान वळवतो तसा तो फाटकाकडे वळला आणि थांबला. फाटक बंद होतं. कडी लागलेली दिसत होती. कुणीही नव्हतं.

आणि मला ऐकू आलं, "आगो."

हलक्या आवाजात, अदबीनं. बाईचा आवाज होता की पुरुषाचा, ते सांगता येणार नाही. इतका जवळून आणि इतका स्वच्छ की फोनमधून आवाज किती छान येतो म्हणून मला मान्साच्या खरेदीचं कौतुक वाटलं. आराबा चेष्टा करतेय असं समजून मी बोलून गेलो...

"आमे."

माझाच शब्द टाकीवरून, घोगरा होऊन, अंगणात घुमला.

कुंपणाकडून आराबा म्हणाली, "कुणाला 'आमे' म्हणालात?"

"तुलाच. तू 'आगो' म्हणालीस ना?"

"मी माझ्याच अंगणात उभी राहून 'आगो' कशाला म्हणू? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

मी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात पडद्यावर हिरवी चौकट उमटली. फाटकाच्या अलीकडे, अंगणात. माणसाच्या उंचीची, उभी. तिच्यात काहीच नव्हतं. आरपार कुंपणाची पानं दिसत होती. ती चौकट चालू लागली. सावकाश, पाऊल जपून टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं. कॅमेरा तिच्यासोबत वळत होता. मोटरची घरघर मला खिडकीतून ऐकू येत होती.

"प्रोफ..." आराबाचा आवाज आता कुजबुजीइतका होता. "तो फिरतोय. तुम्ही फिरवताय का?"

"नाही."

"मग... बघतोय कुणाकडे?"

चौकट दाराच्या पायरीपर्यंत आली, थांबली आणि दिसेनाशी झाली. कॅमेऱ्याची मान आता जेवढी वळू शकते तेवढी घराकडे वळली होती. तरी त्याला आणखी वळायचं होतं. मोटर अडत होती. टक... टक... टक... कुणाला तरी घरात शिरताना पाहून तो मान ताणत होता.

दार उघडंच होतं. काही दिसलं नाही, शपथेवर सांगतो. पण टेबलाजवळून एक वास गेला. नव्या काळ्या कापडाचा, खळीचा. मयताला जाताना नेसायला आणलेल्या कापडाला येतो तसा. कंदिलाचा उजेड आतल्या खोलीच्या दारात जरासा झाकोळला आणि पुन्हा मोकळा झाला.

मग सिस्टरचा आवाज आला.

"आक्वाबा. या, बसा. क्वेसी, पाहुण्यांना पाणी आण."

मी पेला भरून आत नेला. सिस्टर ताठ बसली होती, कापड नीट सावरून. समोर तिनं दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती. मी पेला खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवला. मग तिनं रीतीप्रमाणे, एकही शब्द न चुकता विचारलं, "इथं सगळं कुशल आहे. आपलं येणं कशासाठी झालं?" ज्या बाईला सकाळचा नाश्ता आठवत नव्हता, त्या बाईनं.

ती ऐकत राहिली. मधूनमधून मान डोलवत. बराच वेळ. नंतर तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांत नव्हती अशी ओळख होती.

"म्हणतात, काम काही नाही," ती म्हणाली. "तू आत बोलावलंस म्हणून आले."

"सिस्टर... त्यांना म्हणावं... आता निघा."

ती दुखावली गेली. "पाहुण्यानं रस्ता मागितल्याशिवाय त्याला वाटेला लावतात का? एवढा शिकलास आणि हे? रस्ता मागतील तेव्हा देऊ." आमच्याकडे निघणारा पाहुणा यजमानाकडे 'रस्ता' मागतो; तो मागून मिळाल्याशिवाय कुणी उठत नाही.

आराबा पुढच्या दारानं आत आलीच नाही. ती घराला वळसा घालून स्वयंपाकघरातून आली, हातात फुफू कुटायचं मुसळ घेऊन. तिनं खुर्चीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता परत बाहेर गेली. कॅमेऱ्याची टकटक थांबली. तिनं तो उतरवून एका फडक्यात गुंडाळून कपाटात टाकला. पुन्हा लावायची गरज पडली नाही.

कारण त्यानंतर सिस्टर एकदाही बाहेर गेली नाही. दिवेलागणीला ती त्या खुर्चीसमोर बसायची, शांत, हळू आवाजात गप्पा मारत. पुढच्या वर्षी ती आपल्या अंथरुणात, कोरड्या कपड्यांत, घरच्या माणसांत गेली. आम्हाला हवं होतं ते हेच. आणि त्याचं समाधान मला कधी झालं नाही. शेवटच्या आठवड्यात मी धीर करून तिला विचारलं होतं, "सिस्टर, त्यांनी रस्ता मागितला का?"

ती हसली. "मला काय विचारतोस? पाहुणे तुझे."

मान्साला मी एवढंच सांगितलं होतं की तपासणीत कॅमेरा नापास झाला. आवाजाचं सांगितलं नाही. सिस्टरनंतर आता डॅडी, असं तिच्या चेहऱ्यावर मला वाचायचं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी ती सुट्टीला आली असताना, स्वयंपाकघरात केळी सोलता सोलता, मी बोलून गेलो की त्या कॅमेऱ्यातून मी 'आगो' ऐकलं होतं.

तिचे हात थांबले. "डॅडी, त्यातून ऐकू येणं शक्यच नाही. आंटीचं बोलणं कुठल्या परक्या यंत्रात साठायला नको म्हणून मी मुद्दाम तसा शोधून आणला होता. तो नुसता बोलतो."

ती आक्राला परत गेल्यावर कपाटातलं फडकं सोडलं, स्क्रू काढले आणि खिडकीच्या उजेडात भिंग लावून आतला एकेक भाग पाहिला. भिंगं, दिवे, मोटर, आणि आवाज बाहेर टाकणारा छोटा कर्णा. बाहेरचा आवाज आत घेणारं त्यात काहीही नव्हतं.