विमान फुल्ल आहे

"माझ्या सासूने माझ्या मुलीचं तिकीट रद्द केलंय. ते मला शाबित करून हवंय, आणि पाचच्या आत."

दारातल्या बाईला धाप लागली होती. कडेवर मुलगी होती. कडेवर घ्यायचं वय केव्हाच सरलेली, पण जिना चढायचं बळ नसलेली. तिचे ओठ जांभळट दिसत होते.

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "आरोप पळून जात नाही."

वहिनींना सगळं शहर वहिनीच म्हणे, कारण त्यांचे दीर त्यांना चारचौघांत तशीच हाक मारत. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर त्यांनी स्वतःचं तपासाचं ऑफिस काढलं होतं. दीर, म्हणजे भाऊजी, गाडी चालवत, चहा करत आणि चुकीचे निष्कर्ष काढत. तिन्ही कामं मनापासून.

बाई बसली, पण खुर्चीच्या कडेवर. मुलीच्या हृदयाला भोक होतं. परवा सकाळी ऑपरेशन. सर्जन बाहेरून येणार, आणि गेले की परत केव्हा येतील ते हॉस्पिटललाही ठाऊक नव्हतं. त्या शहराला दिवसातून एकच विमान जाई. उद्या संध्याकाळच्या विमानाची तिघांची तिकिटं काढली होती. रस्त्याने दोन दिवस लागतात, आणि तेवढा प्रवास हिला सोसणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आज सकाळी मेसेज आला, तिकिटं रद्द. मी घाबरून हॉस्पिटलला फोन केला, तोच अंगाशी आला. सिस्टर म्हणाल्या, पाचपर्यंत पक्की तिकिटं पाठवा, नाहीतर तारीख यादीतल्या पुढच्या पेशंटला द्यावी लागेल."

"मग नवी काढायची," भाऊजी म्हणाले.

"विमान फुल्ल आहे." हे ती इतक्यांदा ऐकून आली होती की तिच्या तोंडी ते सरकारी उत्तरासारखं झालं होतं.

"आधीची कुठून काढली होती?" वहिनींनी विचारलं.

"मोबाइलवरून. ती पहिल्या नंबरची कंपनी नाही का, जिच्या जाहिराती सगळीकडे असतात, तिच्याकडून. गेल्या खेपेला तपासणीला गेलो तेव्हा चौकातल्या शाखेतून काढली होती. ती दुसऱ्या नंबरची कंपनी. आज आधी तिथेच धावले. मॅनेजर गोड बोलला, पण जागा नाही म्हणाला."

"आणि पैसे?"

"आले परत, सगळेच्या सगळे. पैशांना काय चाटू?"

वहिनींनी तिचा मोबाइल मागितला आणि अंगठ्याने मेसेज वर सरकवत राहिल्या. "पसारा फार आहे."

"पुसायला वेळ कुठे असतो. औषधांवर सवलत, विजेचं बिल, प्रवास कंपनीचे पॉइंट वाढले, तुम्हाला बक्षीस लागलं. रोजचाच कचरा."

"खुर्च्या निवडल्या होत्या?"

"हो. आज सकाळीच हिला चित्र दाखवत होते, आपण कुठे बसणार ते. जवळजवळ अख्खं विमान मोकळं होतं. मग मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर मोबाइल सासूबाईंच्या हातात, आणि त्यावर हा मेसेज." तिने ओठ चावला. "त्यांना ऑपरेशन नकोच आहे. त्यांचा धाकटा मुलगा टेबलावरच गेला होता."

"आणि तुमचे यजमान?"

"सकाळपासून बाहेर. फोन बंद."

जिन्यात भाऊजी कुजबुजले, "सासूच आहे, वहिनी. सरळ हिशेब."

"तुमचे हिशेब सरळच असतात, भाऊजी. उत्तर तेवढं चुकतं."

घरी सासूबाई नातीचे कपडे बॅगेत भरत होत्या. सून आत आली तरी त्यांनी मान वर केली नाही.

"मीच केलं म्हणते ना ती? म्हणू दे. तोंड तिचं, लेक तिची."

"केलंत का?" वहिनींनी विचारलं.

"मनात शंभरदा केलं. हाताने नाही." त्यांनी एका फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घातली. "मला त्या डबीवर फोन उचलता येतो आणि फोटो बघता येतात. त्यापलीकडे काही नाही."

"सकाळी मोबाइल कशाला घेतला होता?"

"फोटो बघायला." म्हातारीचा आवाज सपाट होता. "पुढच्या आठवड्यात फोटोच उरले तर? सवय करत होते."

सुनेने तोंड फिरवलं. भाऊजींना एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघावंसं वाटलं.

मुलीचे वडील खालच्या पायरीवर सापडले. घरापर्यंत आले होते, वर यायचं धाडस होत नव्हतं.

"दिवसभर कुठे होतात?"

"बागेत. बाकावर."

"मोबाइल बंद करून?"

"हॉस्पिटलचा फोन येईल म्हणून. संमतीपत्रावर सही मला करायची आहे." त्यांनी उजवा हात डाव्यात घट्ट धरला होता. "डॉक्टरांनी काय काय होऊ शकतं ते सांगितलं, तेव्हापासून पेन धरवत नाही."

"तुमच्या मोबाइलवरूनही तिकिटं रद्द करता येतात?"

"येतात. पण केली असती तर निम्मे पैसे कापले गेले असते. स्वस्तातली तिकिटं होती ती. मी हिला म्हटलंही होतं, थोडी महाग घे, वेळ सांगून येत नाही."

भाऊजींनी वहिनींना कोपर लावलं. "हाच. घाबरलेला माणूस काहीही करतो."

"मघाशी तुम्ही सासूबाईंना फासावर चढवलंत."

"तेव्हा हे कुठे भेटले होते?"

वहिनी हसल्या नाहीत. "सगळे गाडीत बसा," त्या म्हणाल्या. "मुलीलाही घ्या. चौकातल्या शाखेत जायचंय."

"तिथे काय ठेवलंय?" बाईचा आवाज फुटला. "तिथे मी सकाळी हात जोडून आले. तुम्ही माझा वेळ घालवताय."

"पाच मिनिटं माझ्यावर रागवा. मग ठरवा."

शाखेत फुगे बांधले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन उभे पट्टे, एक निळा, एक केशरी. निळा पहिल्या नंबरच्या कंपनीचा. केशरी यांचा, बोटभर खाली. ग्राहकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. फोन गप्प होते. काउंटरमागे मात्र चारही मुली खाली मान घालून कळफलक बडवत होत्या.

मॅनेजर लगबगीने बाहेर आला. "ताई, पुन्हा आलात? मी सकाळीच सांगितलं, उद्याचं विमान—"

"फुल्ल आहे, कळलं," वहिनी म्हणाल्या. "आम्ही जरा टेकतो. आज काही खास दिसतंय?"

त्याचा चेहरा उजळला. "वर्षअखेर आहे. आज रात्री विक्रीचे आकडे बंद होतात. दुसऱ्या नंबरला कोण विचारतं हो? यादीत जो पहिला, त्याचीच बातमी होते. आणि या वर्षी आमच्याच शाखेच्या जोरावर कंपनी वर जाणार. आज सकाळपासून विक्रमी विक्री आहे."

वहिनींनी काउंटरवरच्या मुलीकडे पाणी मागितलं. ग्लास घेताना सहज म्हणाल्या, "दमलात ना? सकाळपासून रीघ लागली असेल लोकांची."

"लोक? नाही हो," मुलगी म्हणाली. "आज लोक कुठले." आणि मॅनेजरकडे बघून पुन्हा खाली वाकली.

"यांची गेल्या वेळची माहिती ठेवलीय का हो?" वहिनींनी मॅनेजरला विचारलं. "नावं, जन्मतारखा वगैरे?"

"ठेवतोच. जुना ग्राहक आला की पुन्हा विचारावं लागत नाही. बटण दाबलं की अख्खं कुटुंब समोर."

वहिनींनी ग्लास खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होऊन गेले होते.

"मग मी सांगते काय झालं. भाऊजी, दार लावून घ्या."

मॅनेजर काही बोलणार होता, पण दाराशी भाऊजी उभे राहिले. तेवढं काम त्यांना उत्तम जमे.

"ही तिकिटं घरातल्या कोणीच रद्द केलेली नाहीत," वहिनी म्हणाल्या. "घरच्या माणसाने केली असती तर निम्मे पैसे कापले गेले असते. इथे सगळे परत आले. प्रवाशाचे पूर्ण पैसे परत येतात ते विमान कंपनीने स्वतःहून जागा काढून घेतली तर. आता ती का काढून घेईल? एका माणसाच्या नावाने एकाच विमानात दोनदा आरक्षण दिसलं की त्यांचं यंत्र आधीचं उडवतं. म्हणजे आज सकाळी कोणीतरी याच तिघांच्या नावाने, याच विमानाची आणखी तीन तिकिटं काढली."

"मी नाही काढली," वडील म्हणाले.

"तुम्ही नाही. ज्याने काढली त्याच्याकडे तिघांच्या जन्मतारखा तयार होत्या." वहिनींनी मोबाइल पुढे केला. "प्रवास कंपनीचे पॉइंट वाढले, हा मेसेज रद्द झाल्याच्या मेसेजच्या जरासा आधीचा आहे, आणि या शाखेच्या कंपनीचा आहे. या खेपेला यांनी तुमच्याकडून काहीच घेतलं नाही, साहेब. मग पॉइंट कशाचे?"

मॅनेजरने मेसेज वाचला आणि मोबाइल परत केला.

"सकाळी विमान मोकळं होतं. आंघोळ होईपर्यंत भरलं. इथे माणूस फिरकत नाही, फोन वाजत नाही, तरी विक्री विक्रमी. जुन्या ग्राहकांची जुनी तिकिटं उचलायची, त्यांवर नवी तारीख टाकायची आणि विकली म्हणायचं. आकडे रात्री बंद होतात. उद्या सकाळी सगळी सोडून द्यायची. ते विमान फुल्ल नाही. त्यातली बहुतेक माणसं या चार मुलींनी बसवलेली आहेत, घरबसल्या, त्यांना न विचारता."

कळफलक थांबले होते.

बाईला समजायला क्षणभर लागला. "म्हणजे सकाळी मी इथे उभी होते तेव्हा..."

"तेव्हा तुमची तिकिटं याच काउंटरमागे होती. तुमच्याच नावाने. आत्ताही आहेत."

"मला माहीत नव्हतं," मॅनेजर घाईने म्हणाला. "शपथेवर सांगतो. ढीगभर बुकिंगं आहेत, त्यांतली नावं कोण वाचतं? आणि हे सगळेच करतात. उद्या सोडणारच होतो. यात कोणाचं काय बिघडतं?"

मुलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आखूड, शिट्टी मारल्यासारखा.

"तिकिटं द्या," वहिनी म्हणाल्या. "पैसे त्यांच्याकडे आहेत."

"अशी कशी देणार? दिली म्हणजे ती आधीपासून होती हे कबूल केल्यासारखं झालं. मला वर विचारावं लागेल. साहेब मीटिंगमध्ये आहेत, सहापर्यंत..."

बाई उभी राहिली. वडिलांनी खिशातून पाकीट काढलं आणि ते नुसतंच हातात धरून राहिले.

सासूबाई उठल्या. सुनेच्या कडेवरून त्यांनी नातीला उचललं आणि मॅनेजरच्या हातांत दिलं. तो इतका गोंधळला की त्याने घेतलं.

"विचारा सावकाश," त्या म्हणाल्या. "विचारून होईपर्यंत धरा तिला. जरा छातीशी धरा, तिला आडवं चालत नाही."

मॅनेजरने धरलं. मुलीने अनोळखी खांद्यावर डोकं टाकलं, कारण ते सांभाळणं तिला जड जात होतं. त्याच्या शर्टाला तिच्या छातीची धडपड लागत असावी. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं.

"दे त्यांना," तो काउंटरकडे न बघता म्हणाला.

"आणि बाकीची, सर?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सोड," तो म्हणाला. "सगळी सोड."

केशरी पट्टा खाली येऊ लागला. त्याकडे फक्त भाऊजींचं लक्ष होतं.

"वहिनी, मला मॅनेजरचाच संशय होता," ते हळूच म्हणाले.

"केव्हापासून?"

"आत्ता."

बाईने तिकिटांचे फोटो हॉस्पिटलला पाठवले आणि लगेच फोन लावला. पाच वाजायला आले होते.

"मिळाली," पलीकडून सिस्टर म्हणाल्या. "बरं झालं वेळेत कळवलंत. उद्या रात्रीच भरती व्हा." मग फोन ठेवायच्या आधी, तोंड बाजूला करून त्यांनी कोणाला तरी सांगितलं. बाईला ते स्पष्ट ऐकू आलं. "तुम्ही निघा आता. बाळाला घेऊन घरी जा. त्या येतायत."

फोन बंद झाला तरी तिने तो कानापासून काढला नाही.

"काय म्हणाल्या?" सासूबाईंनी विचारलं. नात आता त्यांच्या कडेवर होती.

"या म्हणाल्या," ती म्हणाली. आणि सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून, सकाळपासून पहिल्यांदाच, रडू लागली. म्हातारीला वाटलं, सुटका झाली म्हणून रडतेय.