आठनंतरचा आकडा

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या त्या फिजिओथेरपीच्या वर्गात पहिल्या दिवशी माणसं सात आणि खुर्च्या सहा निघाल्या. म्हणून आधाराला धरायला सीमंतिनीबाईंच्या वाट्याला खुर्चीची अर्धी पाठ आली. उरलेल्या अर्ध्या पाठीवर जयसिंहरावांचा हात होता.

"तुमचा कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा. तुमचा?"

"दोन्ही. आमच्याकडे अर्धंमुर्धं काही नसतं."

गुडघ्यांवरून झालेल्या ओळखीला फार नखरे परवडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सातवी खुर्ची आली... ती रिकामीच राहिली. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, राव वीजखात्यातून निवृत्त. दोघांचेही जोडीदार भिंतीवरच्या फोटोत. बाईंनी एका पायावर उभं राहायचं आणि रावांनी आकडे मोजायचे, हे कुणी ठरवलं नव्हतं. तीन महिने चाललं मात्र तसंच.

दिवाळीत बाई जिन्यात पडल्या, तेव्हापासून मुलगा पुष्कर त्यांना पुण्याला न्यायच्या मागे होता. शेवटी तडजोड झाली. दुखऱ्या पायावर, आधाराशिवाय दहा सेकंद उभी राहिलीस तर ग्वाल्हेर, नाहीतर पुणे. परीक्षेला तो जातीनं हजर झाला.

"चलिए आंटीजी, हाथ छोड़िए," वर्ग घेणारी गरिमा म्हणाली.

बाईंनी खुर्ची सोडली, डावा पाय उचलला.

"एक, दोन, तीनचारपाच, सहासातआठ, नऊदहा! शाबास!" राव ओरडले.

पुष्कर टाळ्या वाजवू लागला. बाई हसल्या नाहीत. पस्तीस वर्षं त्यांनी कॉप्या पकडल्या होत्या.

"जयसिंहराव, हे सहा सेकंद झाले."

"अहो बाई, पास झालात ना! आता कशाला—"

"ढकलपास होऊन नाही राहायचं मला इथे. पुन्हा मोजा. नीट."

"आणि... पाय टेकला तर?"

"तर पुण्याहून फोन करीन."

रावांचा चेहरा उतरला. पण मोजलं त्यांनी. "एक... दोन..." सहाला बाईंचा घोटा लटपटला. तोल जाऊ लागला की नजर एका जागी रोवायची, हे गरिमानं शिकवलं होतं. बाईंनी ती रावांच्या चेहऱ्यावर रोवली.

"सात... आठ..."

आणि पुढे काहीच नाही. राव नुसते बघत राहिले. बाई नवाची वाट बघत उभ्या — एका पायावर.

"अरे अंकल, नौ तो बोलिए! चौदह हो गए!" गरिमा मोबाईल नाचवत ओरडली.

बाईंनी पाय टेकला. "आठनंतर काय झालं हो?"

"आकडेच आठवेनात. तुम्ही अशा बघत होतात..." राव खुर्चीच्या पाठीशी बोलावं तसं बोलले. "जाऊ नका, बाई. मोजायची सवय लागलीये मला... तुम्हालाच."

पुष्करला अचानक खाली गाडी नीट लावायची आठवण झाली.

बाईंनी खुर्चीच्या आपल्या अर्ध्या पाठीवर हात ठेवला. तिथे आधीच एक हात होता. त्यांनी तो सरकवायला सांगितलं नाही.

"उद्या वेळेवर या," त्या म्हणाल्या, "आणि नऊ, दहा पाठ करून."