उशीर का झाला?

"अर्जाची मुदत कधीच संपली," खिडकीपलीकडचा कारकून इंग्रजीत म्हणाला.

शकुनने पदर गालावर ओढून घेतला आणि स्वतःशीच पुटपुटली, "बाई गं... आता बाबांना काय सांगू?"

"आधी मला सांगा," आतून चक्क मराठीत उत्तर आलं. "बाबांचं मग बघू!"

ती दचकलीच. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, त्या बंगाली गलक्यात – मराठी? तो हसत होता. नाव श्यामकांत. वडील इथे शिकवायला आले ते इथलेच झाले, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं.

मग त्याने कागद वाचले. बी.ए.च्या परीक्षेचे दोन पेपर उरले असताना शकुनला देवी आल्या होत्या. त्या साली, एकावन्नमध्ये, कलकत्त्यात देवींची साथच होती. उरलेले पेपर नंतर देऊ द्यावेत, असा तिचा अर्ज होता; डॉक्टरांचा दाखला सोबत होता.

"दहा एप्रिलला तुम्ही बऱ्या झालात. मुदत पंचवीसपर्यंत होती. आज सात मे. मधले दिवस?"

शकुनने पदर आणखी पुढे ओढला.

"उशिराचं कारण द्यावंच लागेल. नाहीतर समिती अर्ज उघडणारसुद्धा नाही. तुमचं वर्ष जाईल."

"लिहा ना काहीतरी. घरी अडचण होती म्हणून."

"खोटं मी लिहू देत नाही... आणि तुम्हाला ते धड जमतही नाहीये."

तिला रागच आला. त्या रागात पदर हातातून सुटला. गालांवर, कपाळावर, हनुवटीवर देवींचे ताजे व्रण.

"हे कारण! लिहा. आरशाची भीती वाटत होती. ट्राममध्ये बसायची भीती वाटत होती. उंबरा ओलांडायलाच इतके दिवस लागले मला."

आता हा नजर वळवणार... सगळेच वळवत. त्याने वळवली नाही. कोरा कागद पुढे सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून तिच्या हाती दिलं.

"हेच लिहा. इंग्रजीत, पण अगदी असंच."

लिहिताना दोनदा तिचे डोळे भरले. तेवढा वेळ तो भलत्याच फायलीत डोकं खुपसून बसला. शेवटी कागद वाचून हळूच म्हणाला, "एक स्पेलिंग चुकलंय. बाकी... फार धीराचं लिहिलंत."

"चौकशीला कधी येऊ?"

"येऊ नका."

"का?"

"समितीपुढे कागद मीच ठेवतो. तुम्ही सारख्या आलात तर –" तो अडखळला, "– तर बाकीचे अर्ज माझ्या हातून राहून जातील."

बागबाजारला घरी परतताना शकुन ट्रामच्या खिडकीशी बसली. वाऱ्याने पदर उडत होता. सावरायचं तिला सुचलंच नाही.

जूनमध्ये पत्र आलं. ऑगस्टमध्ये दोन्ही पेपर देण्याची परवानगी! तिच्या वडिलांनी, दिगंबरपंतांनी, ते मोठ्याने दोनदा वाचलं. पुढच्याच रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर श्यामकांत, इस्त्रीच्या सदऱ्यात, घामाघूम.

"ऑफिसचं काही राहिलंय का?" तिने विचारलं.

"ऑफिसचं सगळं संपलं. म्हणूनच येता आलं... शकुन, महिनाभर दुसरं काही सुचत नाहीये मला."

तिचा हात गालाकडे गेला. "माझी दया येते तुम्हाला?"

"दया आली असती तर त्याच दिवशी खोटं कारण लिहून मोकळा झालो असतो."

"मग काय वाटलं?"

"वाटलं, ही आयुष्यभर माझ्यावर अशीच रागावली तर... किती बरं होईल!"

मार्चपासून पहिल्यांदाच शकुन खळखळून हसली. मग लटक्या दरडावणीने म्हणाली, "आधी माझे पेपर. थांबाल ऑगस्टपर्यंत?"

"थांबेन."

"आणि मग बाबांना विचाराल?"

तेवढ्यात दाराआडून खाकरण्याचा आवाज आला.

"विचारेल गं," दिगंबरपंत म्हणाले, "पण तोवर त्याला उन्हातच उभं ठेवणार आहेस का?"